आत्याचं मृत्युपत्र आणि माझी सही

रोज सकाळी चहा ठेवण्याआधी आत्या खिडकीसमोर उभी राहायची, एक डोळा मिटायची आणि पडद्याची खालची कड बघायची. पडदा तोच, खिडकी तीच. काल सरळ असलेली कड आज वाकडी कशाला होईल, असं मी एकदा विचारलं.

"कापड आहे ते. स्वतःच्या वजनाने खाली येत राहतं," ती म्हणाली.

मी हे वाक्य लगेच वहीत उतरवून घेतलं. त्या वहीत आत्याची अशी पुष्कळ वाक्यं आहेत. ती गुपचूप माझ्या प्रबंधात घालायचा माझा बेत होता. प्रबंध काही झाला नाही, त्यामुळे चोरीही राहूनच गेली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सरकारी रुग्णालयाच्या शिवणखोलीत तिने एकतीस वर्षं काढली. तळमजला, शेजारी धुलाईघर, एक खिडकी, तीन मशिनं. चादरी, अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे डगले, रुग्णांचे मागे बंद बांधायचे झगे, सगळं तिथे शिवलं जायचं. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर, "मापात बसणारा मिळाला नाही," एवढंच सांगून ती सुईत दोरा ओवायला घ्यायची. निवृत्त झाल्यावर तिने पायाने चालवायचं एक जुनं मशीन विकत घेतलं आणि घरीच शिवायला लागली.

घर अरुंद आणि दुमजली. खाली ती, वर मी. साहित्यात एम.ए. झाल्यावर प्रबंध लिहायला शांत जागा हवी म्हणून मी तिच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते. त्या सहा महिन्यांचं चौथं वर्ष चालू होतं. ती मला पंडिता म्हणायची. हे नाव मला बहुतेक वेळा एकाच वाक्यात ऐकू यायचं, "पंडिता, दूध उतू चाललंय!"

एकदा ती तपासणीहून आली, चपला काढल्या, पाणी प्यायली आणि म्हणाली, "हृदयाची झडप नीट मिटत नाही म्हणे. मला मृत्युपत्र करायचंय. तू लिही. एवढी शिकलीस, काहीतरी उपयोग होऊ दे."

मी आधी रडले. मग नवं पेन आणायला गेले.

तिला काय हवं होतं ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. आपल्या मागे हे घर विकावं. त्यातून त्याच रुग्णालयात प्रत्येक खाटेभोवती पडदा लागावा.

"पडदा?" मी म्हटलं. मला काहीतरी भव्य अपेक्षित होतं.

तेव्हा तिने मला शाळेतल्या बाईंची गोष्ट सांगितली. नोकरीची पहिलीच वर्षं होती. चादरींचा गठ्ठा घेऊन ती बायकांच्या वॉर्डात गेली, तर मधल्या खाटेवर तिच्या गणिताच्या बाई. पोरींच्या वेण्या जरा सैल दिसल्या तरी वर्गाबाहेर काढणाऱ्या. भेटीची वेळ होती, आजूबाजूला माणसं डबे उघडून बसली होती आणि दोन नर्स बाईंचे कपडे बदलत होत्या. बाईंनी तिला ओळखलं. आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"लहान मूल मिटतं ना, तसे," आत्या म्हणाली. "आपण मिटले की जगाला दिसत नाही, असं वाटून. मी हातातली चादर उघडली आणि धरून उभी राहिले. त्या दिवशी धरली. रोज कोण धरणार?"

हे ऐकून कुणीही शहाण्या माणसाने कागदावर लिहिलं असतं, 'घर विकावं, पडदे लावावेत.' मी तीन पानं लिहिली. पहिल्या परिच्छेदात संध्याकाळचा प्रकाश होता. दुसऱ्यात सुई आणि काळ यांच्या नात्याबद्दल थोडं होतं. 'ज्यांच्या वेदनेला भिंती नाहीत, त्यांच्या लाजेला तरी मऊ आडोसा लाभो,' हे वाक्य जमलं तेव्हा मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

वकीलबाईंनी तिन्ही पानं वाचली. चष्मा काढला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "घर कुणाला द्यायचंय?"

"ते तिसऱ्या पानावर आहे," मी म्हटलं.

"तिसऱ्या पानावर 'वेदनेच्या त्या शुभ्र घराला' असं आहे. आपल्या शहरात चार रुग्णालयं आहेत. चारही पांढरी."

आत्या हसायला लागली. इतकी हसली की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. मग तिने आणि वकीलबाईंनी मिळून पाऊण पानाचं मृत्युपत्र केलं. रुग्णालयाचं पूर्ण नाव, घराचा क्रमांक, पडद्यांचा कायमचा निधी. "उद्या रुग्णालयच बंद झालं तर?" वकीलबाईंनी विचारलं. "मग दुसऱ्या सरकारी रुग्णालयाला," आत्या लगेच म्हणाली. "शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं सोडावंच लागतं. पुढे कुणाला कुठे सैल करावं लागेल, आपल्याला काय माहीत?" माझ्या तीन पानांतला एकही शब्द कामाला आला नाही. 'आणि' आला असेल.

रुग्णालयाच्या अधीक्षकांना मात्र पडदे पटेनात. ते माणूस म्हणून चांगले होते. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि म्हणाले, "बाई, एखादं तपासणीचं यंत्र द्या ना. त्यावर तुमच्या नावाची पाटी लावता येईल. पडद्यावर पाटी कुठे लावणार?"

"आतल्या शिवणीत," आत्या म्हणाली. "उसवलं तर दिसेल."

"पडदे फाटतात हो. मळतात. दहा वर्षांत मागमूस राहत नाही."

"म्हणून तर निधी कायमचा ठेवलाय. शिवणखोलीत एक बाई नुसती पडद्यांना लागेल. फाटलं की शिवायचं, मळलं की धुवायचं. यंत्र बिघडलं की तुम्ही झाकून ठेवता, साहेब. चादरी टाकून. त्या चादरी मीच शिवायचे."

अधीक्षकांनी आणखी चहा मागवला.

घरची बाजू माझ्या बाबांनी लावून धरली. "ताई, अगं लोक शाळेला देतात, ग्रंथालयाला देतात. तू घर पडद्यांत घालवतेस? लोक हसतील."

"हसू दे. पडद्याआड हसतील."

"आणि या पोरीचं काय?"

या पोरीने खाली मान घातली. या प्रश्नाची ती आठवडाभर वाट बघत होती.

"तिचंही लिहिलंय," आत्या म्हणाली. "माझ्यानंतर दोन वर्षं वरची खोली तिची. तोवर घर विकायचं नाही. दोन वर्षांत तरी प्रबंध होईल. आणि मशीन तिला. बाकी जे उरेल, ते सगळं रुग्णालयाला."

"नको गं आत्या," मी म्हटलं. ज्या आवाजात आपण दुसऱ्यांदा वाढलेलं नको म्हणतो, त्या आवाजात.

आता सहीच्या दिवसाबद्दल सांगायला हवं. मला ते सांगायचं नाहीये, म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत बसले.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात. एक कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका, दुसऱ्या समोरच्या घरातल्या निवृत्त नर्स, ज्यांना सगळा रस्ता सिस्टर म्हणतो. काका वेळेवर आले, हात धुऊन, पुसून. सिस्टरांचा पत्ता नव्हता. त्यांच्या नातवाची शाळा लवकर सुटली होती, त्याला आणायला गेल्या होत्या.

"उद्या करू," आत्या म्हणाली.

"उद्या कशाला?" मी म्हटलं. "मी आहे ना!"

नवं पेन खिशातच होतं. मी सही केली. माझ्या सहीला शेवटी एक वळसा आहे, तो मी अकरावीत असताना ठरवला होता, पुढेमागे पुस्तकांवर सह्या द्याव्या लागतील म्हणून. तो वळसा त्या दिवशी फारच सुरेख आला. इस्त्रीवाले काकासुद्धा म्हणाले, "वा, काय सही आहे!"

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन मी वकीलबाईंकडे गेले. त्यांनी शेवटचा कोपरा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा कोपरा बघितला.

"ही सही कुणाची?"

"माझी," मी अभिमानाने म्हटलं.

"ज्याला मृत्युपत्रात काही मिळतंय, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. झालं, तर त्याला जे दिलंय ते रद्द होतं. मी सांगितलं होतं तुम्हाला, इथेच बसून."

सांगितलं असणार. त्या वेळी मी वहीत त्यांच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाचं वर्णन लिहीत होते. 'फायलींवर बसलेली धूळ जुन्या पत्रांसारखी', असं काहीतरी.

"म्हणजे सगळंच गेलं?" मी विचारलं. "पडदे?"

"पडदे सुरक्षित आहेत. मृत्युपत्र पक्कं आहे. फक्त तुमची खोली आणि तुमचं मशीन गेलं. ते 'बाकी उरेल त्यात' जाईल, म्हणजे रुग्णालयाला." मग त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "घाबरू नका. दहा मिनिटांचं काम आहे. हा नवा कागद. एकदा वाचून बघा, आत्यांची, इस्त्रीवाल्यांची आणि सिस्टरांची सही घ्या, झालं."

घरी येऊन मी आत्याला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला नाही, रागावली नाही. नुसती म्हणाली, "एवढी पुस्तकं वाचलीस, एक पाऊण पान वाचता आलं नाही होय गं?"

नवा कागद मी वर माझ्या टेबलावर ठेवला. 'एकदा वाचून बघा,' असं वकीलबाई म्हणाल्या होत्या. साहित्याच्या विद्यार्थिनीला असं सांगू नये. मी वाचला. त्यात 'तदनंतर' दोनदा आलं होतं, ते खटकलं. 'सदरहू' खटकलं. मग वाटलं, आत्याच्या आयुष्यातला एवढा मोठा कागद, निदान त्यातलं एक वाक्य तरी तिच्यासारखं असावं. मी ते वाक्य शोधायला लागले.

आत्या खालून विचारायची, "झाला का गं कागद?"

"एक वाक्य जमत नाहीये."

"अगं बाई, ते वाचायला मी असणार आहे का?"

सिस्टर रोज समोरच्या पायरीवर बसून वाटाणे सोलायच्या. वीस पावलांवर. माझ्याकडे एकोणीस दिवस होते.

विसाव्या दिवशी आत्याला दम लागला. मी आणि इस्त्रीवाल्या काकांनी तिला रिक्षात बसवलं आणि तिच्याच रुग्णालयात नेलं. ती तिथे चार दिवस होती. नवा कागद वरच्या टेबलावरच राहिला. त्यातलं वाक्य अजून जमलेलं नाही.

मग कायद्याने सगळं अगदी चोख झालं. बाबा मृत्युपत्राच्या आड आले नाहीत. "ताईने घातलेला टाका मी उसवायचा नाही," म्हणाले आणि नाक पुसत आतल्या खोलीत गेले. घर विकायला निघालं. रुग्णालयाकडून मला अतिशय सभ्य पत्र आलं, तीन महिन्यांत खोली रिकामी करावी ही विनंती. पत्राची भाषा निर्दोष होती. एकही 'तदनंतर' नव्हतं. मशीन न्यायला दोन माणसं आली, तेव्हा त्यांना दारापुढच्या पायऱ्या कशा उतरायच्या ते मीच सांगितलं, कारण मशीनचा डावा पाय नेहमी कठड्याला अडकतो हे आता मलाच माहीत होतं.

सध्या मी एका मैत्रिणीच्या खोलीत राहते. खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलंय. शनिवारी सकाळी मात्र शिवणखोलीत जाते. पडद्यांसाठी नेमलेली बाई मला टाके उसवायला देते. शिवायला देत नाही, आणि ते बरोबरच आहे. आत्याच्या मशीनवर पडद्यांच्या कडा दुमडल्या जातात. फिक्या राखाडी रंगाचे, धुऊन न विटणारे. वर्षभरात बायकांचे दोन्ही वॉर्ड झाले, पुरुषांचा चालू आहे. मी वॉर्डाच्या दारात उभी राहून एक डोळा मिटते आणि कडा बघते. मला काही कळत नाही. मला सगळ्याच सरळ दिसतात.

आत्या गेली त्याच्या आदल्या दिवशीची दुपार. भेटीची वेळ, वॉर्डात माणसंच माणसं. समोरच्या खाटेपाशी एक गृहस्थ डबा उघडून बसले होते आणि खाता खाता आमच्याकडे बघत होते. डॉक्टरीणबाई छातीला तारा लावायला आल्या, झग्याचे बंद सोडायला लागल्या. आत्याने एकदा त्या गृहस्थांकडे बघितलं, आणि मी तिचे डोळे मिटताना पाहिले. घट्ट.

मी पायथ्याची चादर ओढली, स्टुलावर चढले आणि दोन्ही हात वर करून ती धरली. चादर तिनेच शिवलेली असणार, कड अगदी बारीक होती. मला पलीकडे डबेवाले गृहस्थ दिसत होते, आणि मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी झाकण लावलं. तारा लावायला वेळ लागत होता. माझे खांदे भरून आले, आणि मनात आलं की आता आत्या काहीतरी बोलेल, वहीत लिहून ठेवण्यासारखं.

चादरीच्या मागून तिचा आवाज आला, रोजच्यासारखाच.

"पंडिता, डावा हात वर घे. तिरकं झालंय."