बहिऱ्या सासूबाई

बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही थेरगावला भाजी आणायला गेलो होतो. चढावर इंजिन टकटकलं, ते तिनंच ऐकलं. नंतर मी गाडीला हात लावला नाही. शेवटी विकायची ठरवली आणि तळवड्याच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडं नेली.

हा विजेच्या खांबाएवढा उंच. नॉक सेन्सरला सासूबाई म्हणतो. "इंजिनात टकटक झाली की सासूबाई गाडीच्या कॉम्प्युटरकडं चुगली करतात, मग तो इंजिनाला आवरतो. तुमच्या बहिऱ्या झाल्यात काका. त्यांचा बोल्ट ढिला हाय."

"मग आवळ गच्च."

"न्हाई, मापात. लई आवळलं की नसलेलंबी ऐकतात."

ट्रायलला हा मागच्या सीटवर घडी होऊन बसला, गुडघे कानाला, मान पुढं माझ्या खांद्यावर. सिग्नलला रिक्षावाला म्हणाला, "काका, उंट कुठं नेताय?"

मी म्हणालो, "पुढं बस की, गाढवा."

"नको. काकूंची जागा हाय ती."

चढावर गाडी गप चढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढची सीट पार मागं सरकवली, गॅरेजसमोर गाडी लावली आणि त्याला म्हणालो, "बस पुढं, चहाला जाऊ. तिला रिकामी सीट बघवायची नाही, रस्त्यात दिसेल त्याला बसवायची. आणि गाडी विकत नाही मी."