पूजलेलं मशीन

खंडेनवमी जवळ आली, की मला हडपसरचं ते प्रकरण आठवतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळू लागले आहेत. हे मात्र स्वच्छ आठवतं, कारण त्यात एका मुलीचं नाव आरोपी म्हणून लागता लागता राहिलं.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात गुन्हे निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल पाहत असताना एक निनावी फोन आला. बोलणारा माणूस शांत होता. औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये कॉलेजच्या मुलांची नावं शिकाऊ म्हणून लावली आहेत, पण मुलं तिथे नसतात, एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

योजना चांगली होती. डिप्लोमाच्या मुलांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळावा, म्हणून त्यांना घेणाऱ्या मालकाला विद्यावेतनाचा काही हिस्सा सरकार परत देत असे. मला अशा योजनांबद्दल आपुलकी आहे. मी तालुक्याच्या गावात शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. पुण्यात आलो तेव्हा कॉलेजच्या बागेत सकाळी काम करायचो आणि त्याचा मोबदला कॉलेज द्यायचं, म्हणून माझं शिक्षण झालं. असा आधार कुणी परस्पर लाटत असेल, तर ते मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मालकाला चौकशीला बोलावलं. जुन्या पुण्यातला, व्यवस्थित माणूस. खुर्चीवर बसत म्हणाला, "मुलांना काम शिकवणं हा गुन्हा आहे, हे मला माहीत नव्हतं. आपण तशी पाटी लावून टाका बाहेर, म्हणजे आम्ही सावध राहू."

त्याचे कागद चोख होते. सगळ्यांची हजेरी पूर्ण. मुलं त्याला खराडीतल्या एका सल्लागाराने मिळवून दिली होती. मग आम्ही मुलांना एकेक करून बोलावलं. प्रत्येकाने सुपरवायझरचं नाव सांगितलं, मशिनं सांगितली, जेवणाची सुट्टी किती वाजता होते तेही सांगितलं. डिप्लोमाची मुलं असल्यामुळे कामाबद्दल विचारलं तरी उत्तर बरोबर यायचं. जबाब लिहून घेणारे आमचे हवालदार पेन खाली ठेवत म्हणाले, "साहेब, सगळी एकाच क्लासची दिसतायत. शब्दसुद्धा बदलत नाहीत."

आम्हा दोघांनाही कळत होतं, की जबाब पढवलेले आहेत. सगळे खोटे धरून गुन्हा दाखल करायचा, मालक आणि सल्लागाराबरोबर मुलांनाही आरोपी करायचं, असं माझं जवळजवळ ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका मुलीचे वडील ठाण्यात आले. मूळचे वाशीमकडचे, खराडीच्या आयटी पार्कमध्ये सुरक्षारक्षक. गणवेश घालूनच आले होते. मुलीची निवड खडकीला संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा अर्ज आमच्याच ठाण्यात होता. ते म्हणाले, "साहेब, पोरगी खरंच जात होती कामाले. तिच्यावर केस झाली तर नोकरी जाईन तिची. आमच्या घरात एवढी शिकलेली हे एकटीच आहे."

बाप असं म्हणणारच, हे पोलिसाला ठाऊक असतं. पण त्यांचं शेवटचं वाक्य माझ्या मनातून जाईना. मुलीचा जबाब पुन्हा काढून वाचला. त्यातही तीच पाठ केलेली वाक्यं होती. तिच्या बाजूने बोलेल असं काहीच नव्हतं.

त्या दुपारी मी वर्कशॉपवर गेलो. पंचनामा चालू असताना सहज लेथ मशीनकडे लक्ष गेलं. त्याच्या अंगावर हळदीकुंकवाची बोटं अजून दिसत होती, तेलाने काळी पडलेली. दसरा होऊन बरेच दिवस झाले होते. आमच्याकडेही खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते. त्या दिवसाची प्रत्येकाची काही ना काही आठवण असतेच. मुलांना शिकवणाऱ्याने कामाच्या दिवसांचं सगळं शिकवलं असेल. पण सणाचं?

मुलांना पुन्हा बोलावलं आणि एकच गोष्ट विचारली. खंडेनवमीला काय केलं? कुणी म्हणालं सुट्टी होती. कुणी म्हणालं पूजा झाली, पेढे वाटले. पूजा कुणी केली, मशीन कुणी पुसलं, असं विचारलं की घोटाळायचे.

मग त्या मुलीची पाळी आली. महिला अंमलदार तिच्याशेजारी बसली होती. मुलगी म्हणाली, "सर, त्या दिवशी माझ्याकडून चूक झाली होती. पूजा झाल्यावर मी मशीन सुरू केलं."

तिने सांगितलं ते असं. सगळी मशिनं धुऊनपुसून, हार घालून पूजा झाली. जेवणं झाली. तिचा एक जॉब, म्हणजे लेथवर घडवायचा भाग, अर्धा राहिला होता. घरी कधी यंत्र नव्हतं, त्यामुळे पूजलेलं मशीन दसरा होईपर्यंत चालवायचं नसतं, हे तिला माहीतच नव्हतं. सगळे बाहेर बसलेले पाहून तिने हार बाजूला केला आणि काम पूर्ण करायला घेतलं. सुपरवायझर, ज्यांना सगळे मामा म्हणत, धावत आत आले. तिला सगळ्यांसमोर बोलले आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातून नारळ फोडून घेतला.

"मामा म्हणाले होते, वर्षभरात काहीतरी विघ्न येईल," ती म्हणाली. "आलंच, सर."

मग पहिल्यांदा पढवलेला जबाब का दिला, असं विचारल्यावर ती रडायला लागली. सल्लागाराने सांगितलं होतं, एकाचं नाव खोटं ठरलं तर सगळ्यांचं प्रमाणपत्र रद्द होईल, तेव्हा सगळ्यांनी एकच बोलायचं.

मी तिला बाहेर बसवून मामांना आत घेतलं. मामा जवळच्या मांजरी गावचे, वयस्कर. याआधी त्यांनीही सगळी मुलं येत होती असंच सांगितलं होतं. मी सल्लागाराचं, मालकाचं काही काढलंच नाही. पूजलेलं मशीन कुणी सुरू केलं होतं, एवढंच विचारलं.

मामांचा चेहरा एकदम बदलला. राग अजून तसाच होता. "ती पोरगी, साहेब. कामाला वाघीण हाय, पण अक्कल न्हाय. आत एकटीच व्हती. दुसरी पोरं असती, तर एकानं तरी हात धरला असता की तिचा."

हवालदारांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "दुसरी पोरं कुठे होती, मामा?"

मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं होतं. म्हणाले, "न्हवतीच, साहेब. ती एकटीच यायची. आता लिहा तुम्ही."

पुढचं मग सरळ झालं. मामांचा जबाब पुढे ठेवल्यावर मालकाच्या तोंडून पाटी लावायची भाषा गेली. सल्लागार खराडीच्या कार्यालयातून ताब्यात आला. दोघांवर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. कागदपत्रं देऊन आणि त्याचे थोडे पैसे घेऊन घरी बसलेल्या मुलांबाबत वरिष्ठांशी आणि सरकारी वकिलांशी बोललो. घेतलेले पैसे परत करून ती साक्षीदार झाली. मला त्याचंही बरं वाटलं. त्या वयात चूक उमगली, तर ती सुधारायला जागा असावी.

मुलीच्या पडताळणीवर प्रतिकूल काही नाही असा शेरा मारून मी सही केली, तेव्हा हात हलका झाल्यासारखं वाटलं. वडील बाहेर बाकावर बसले होते. त्यांना सांगितलं, तर त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि मला सॅल्यूट ठोकला. ड्यूटीवर ठोकतात तसा.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. खोटं बोलणारा माणूस नेहमी बरोबर वागलेला असतो; त्याच्या हकिगतीत कधी वेंधळेपणा नसतो. जो खरंच कामाला गेला, त्याच्या हातून काहीतरी सांडलेलं असतं, कुणाचं तरी बोलणं त्याने खाल्लेलं असतं. त्यानंतर जबाब घेताना मी 'काय केलं?' हे विचारायच्या आधी 'काय चुकलं?' ते विचारू लागलो.

मुलगी आता खडकीला कायम झाली आहे. दरवर्षी खंडेनवमीला संध्याकाळी तिचा फोन येतो. मी निवृत्त झालो तरी "सर"च म्हणते.

"सर, पूजा झाली," ती सांगते. "मशीन बंद आहे."