बाजाराच्या रेघा ओढणारा दयाराम

आमच्या गावचा मंगळवारचा बाजार कधीपासून भरतो, हे कोणालाच सांगता येत नाही. विचारलं तर म्हातारी माणसं पार निजामापर्यंत मागे जातात आणि तिथे बसून चहा मागतात. पण बाजार भरवतो कोण, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दयाराम.

हा दयाराम कुठल्याच कागदावर नव्हता. मंगळवारी दिवस उगवता उगवता तो हलवायाच्या भट्टीतली राख घमेल्यात भरून घेई आणि नाल्यापासून लिंबापर्यंतच्या मोकळ्या जागेवर रेघा ओढत जाई. दोन रेघांच्या मध्ये एक दुकान. कोणाची जागा कोणती, ते त्याच्या पायांना पाठ होतं. डोक्याला नव्हतं, बसवून विचारलं तर तो गोंधळे, चालायला लागला की नावं आपोआप निघत. या कामाबद्दल प्रत्येक दुकानातून मूठभर माल त्याला मिळे. त्यामुळे त्याच्या घरची भाजी नेमकी कशाची, हे त्याच्या बायकोलाही सांगता येत नसे.

बाजाराचा एक रिवाज होता. बाळंतपण, दुखणं, लग्नकार्य, कशामुळे का होईना, ज्याला येणं जमणार नाही त्याने आपल्या अंगणातला एक दगड आणून जागेवर ठेवायचा. दगड आहे तोवर जागा त्याची. दयाराम दगडांभोवतीही रेघा ओढी आणि वर त्यांना "राम राम" म्हणे. चौसष्ट साली चांगुणाबाईचा दगड आला, त्याला मात्र तो "जय भीम" म्हणायचा.

चांगुणाबाई मिरच्या विकायची. आधी तिची जागा सगळ्यांच्या शेवटी, नाल्याच्या घाणीजवळ. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या पुढच्या वर्षी एका मंगळवारी तिने टोपली उचलली आणि मधल्या ओळीत सत्यभामाबाईंच्या वांग्यांशेजारी येऊन बसली. सत्यभामाबाईंनी आपली टोपली हातभर लांब सरकवली. कुरकूर झाली. पुढच्या मंगळवारी सगळ्यांचे डोळे दयारामच्या घमेल्यावर होते. तो आला आणि त्याने तिथे रेघ ओढली.

"काऊन बे दयाराम, हे काय करून राह्यला?" कोणीतरी विचारलं.

"राख उरली होती," दयाराम म्हणाला आणि पुढे गेला.

सात वर्षांनी चांगुणाबाईला क्षयाने धरलं. दूरच्या दवाखान्यात जायच्या आधी ती दगड घेऊन आली. म्हणाली, "दयारामभाऊ, माही जागा सांभाळजा. परत आली तं इथंच बसीन."

"हाव," दयाराम म्हणाला. तो आयुष्यात याहून लांब वचन बोलला नसेल.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर सरपंच हिंमतरावांनी पक्का बाजार काढला. वर टिनाचं छत, खाली सिमेंटचे ओटे, ओट्यांवर रंगवलेले आकडे. मी तेव्हा नुकताच मॅट्रिक होऊन ग्रामपंचायतीत कारकून लागलो होतो. अक्षर चांगलं, एवढीच पात्रता. बांधकामाचे मजूर परगावचे. त्यांच्या दृष्टीने दगड म्हणजे दगड. चांगुणाबाईचा दगड फुटून ओट्याच्या पायात गेला.

दयाराम खणलेल्या जागेशी उभा होता. "बाबू, आता तिले काय सांगू?"

"दगडच तर होता," मी म्हणालो. मॅट्रिकची अक्कल. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाच चष्मा पुसायला घेतला.

हुकूम असा निघाला: उद्घाटनाच्या मंगळवारी जो ज्या ओट्यावर बसेल, त्याचं नाव त्या आकड्यापुढे लिहायचं. रिकामे राहतील ते ओटे बाहेरच्या दुकानदारांना. दयाराम हिंमतरावांकडे गेला.

"आता दगडाचा कायदा नाही, दयाराम," हिंमतराव म्हणाले. "जिता माणूस पाहिजे."

सत्यभामाबाईंनी चिमटा काढलाच. "आता तुमची राख भांडे घासाले, भाऊ!"

उद्घाटनाच्या मंगळवारी नारळ फुटला आणि मी वही घेऊन निघालो. जन्मात बाजारात कधी न बसलेला दयाराम ज्याच्या पायात चांगुणाबाईचा दगड गेला होता, त्या चौदा नंबरच्या ओट्यावर मांडी घालून बसला होता. पुढ्यात मिरच्यांचा लहानसा ढीग. एक गिऱ्हाईक विचारत होतं, "तिखट हाय काय?"

"मले काय मालूम? चांगुणाबाईले विचारा."

"ते कुठं हाय?"

"येऊन राह्यली."

गिऱ्हाईक हसत निघून गेलं. मी पेन उघडलं. "नाव?"

"चांगुणाबाई."

"भाऊ, तुमचं नाव."

"मी बसलोच नाही, बाबू. मी तिची जागा धरून राह्यलो."

हिंमतराव माझ्या पाठीशीच होते. "दयाराम लिही," ते म्हणाले. माझा हात थांबला.

तेवढ्यात शेजारून वांगं हातात धरून सत्यभामाबाई उठल्या. "सरपंच, सात वर्षं मी तिच्या बाजूले बसली. तिच्याशी भांडल्याबिगर माहे वांगे खपत नाही. तिचंच नाव लिहा!" मागून मेथीवाला ओरडला, "लिहा, लिहा!" मग सगळी ओळच ओरडली.

हिंमतरावांनी नव्या छताकडे पाहिलं. "आणि ते येईस्तोवर कोण बसीन?"

"मी हावो ना," दयाराम म्हणाला.

मी नाव लिहिलं. माझ्या अक्षराचा तेवढाच काय तो उपयोग झाला.

दयाराम दर मंगळवारी बसला. विक्री यथातथाच. होळीच्या आधीच्या मंगळवारी चांगुणाबाई आली. निम्मी झाली होती, लुगडं अंगावर टांगल्यासारखं दिसत होतं. तिने ओटा पाहिला, आकडा पाहिला, एक मिरची मोडून हुंगली.

"दयारामभाऊ, हे मिरच्या हायेत का गवत?"

दयाराम चोरी पकडल्यासारखा उठला. ती ओट्यावर चढली आणि हात फिरवून तिने सिमेंट चाचपलं. सत्यभामाबाईंनी न विचारता तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

तो अजून उभाच होता. आता कुठे जायचं, हे त्याच्या पायांनाही कळेना.

"उभे काऊन?" चांगुणाबाई सरकली. "बसा. माहा घसा दवाखान्यात गेला. हाका कोण मारीन?"

दयाराम अंग चोरून कडेला बसला. पहिली हाक त्याच्या घशातच राहिली. दुसरी सत्यभामाबाईंपर्यंत पोचली. तिसरीला उंद्री गावाकडची दोन गिऱ्हाइकं वळून ओट्याशी आली.