सगळं बराबर हाय

गावाहून पत्र आलं की मी पहिली ओळ सोडून वाचतो. ती ठरलेली असते: ‘इकडं सगळं बराबर हाय.’ पत्र माझ्या मोठीमायचं, म्हणजे थोरल्या चुलतीचं. तिला लिहिता येत नाही, शेजाऱ्यांकडून लिहवून घेते. घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर, रेल्वेच्या मालगोदामात बसून ती ओळ दिसली की मी पटकन नजर खाली सरकवतो. कारण तिच्या तोंडची ती ओळ पहिल्यांदा कागदावर उतरवली ती मी.

आमचं गाव सेनगावच्या रस्त्याला. ओढ्याच्या वरच्या अंगाला एका ठेकेदारानं चुनखडीची खाण काढली होती. पुलाच्या कामाला तिथून चुना जायचा. चुना विझवलेलं पाणी मातीची पाळ घालून मोठ्या खड्ड्यात तुंबवलेलं असायचं. निजामाचं राज्य जायच्या दोन वर्षं आधी, भादव्यात, भर दुपारी ती पाळ फुटली.

मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. मला आठवतं ते ओढ्याचं गप्प होणं. बेडकं एकाएकी थांबली. मग ताकासारखं पांढरं पाणी संथ येत राहिलं, त्यात पोटं वर केलेले मासे. काठच्या विहिरींत ते शिरलं. मोठीमायची विहीर त्यातलीच. तिची गाय त्या पाण्याला तोंड लावून आली, तिची जीभ सोलून निघाली. हंबरायला तोंड उघडायची, पण आवाज यायचा नाही. तिसऱ्या दिवशी गेली. ते उघडं तोंड अजून माझ्या डोळ्यांपुढं येतं, आणि तेव्हाही आवाज नसतो.

आईबाप गेल्यावर मोठीमायनंच मला वाढवलं. तिला नवरा नाही, पोरबाळ नाही. मी उर्दू चौथीतून शाळा सोडून आलो, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “बरं झालं. छडी खाऊन पोट भरत न्हाई. बस, भाकर खा.” त्या विहिरीवर तिचे वांग्या-मिरच्यांचे वाफे. आमचं दोघांचं सगळं त्या विहिरीवर.

सरकारनं मनावर घेतलं, हे खरं. ज्यांच्या विहिरी नासल्या त्यांची यादी होणार, आणि यादीतल्या विहिरी सरकार आपल्या माणसांकडून उपसून, खरवडून देणार असं ठरलं. तहसिलीतून गिरदावर साहेब, म्हणजे तलाठ्यांवरचे अंमलदार, पाहणीला आले, बरोबर एक कारकून. गिरदावर विचारायचे, कारकून उर्दूत बयान लिहायचा. आमचं घर शेवटचं. तिथवर येईतो कारकुनाला हीव भरलं, तो बाजेवर कांबळं घेऊन कुडकुडत पडला.

गिरदावरांनी माझ्याकडं पाहिलं. “पढा लिखा है?”

“चौथीपर्यंत, साहेब.”

“बस है. लिख.”

माझं वय तेव्हा एकोणीस, पण कागद घेऊन शाळेतल्यासारखी मांडी घातली. शाळेत इमला, म्हणजे ऐकून लिहिणं, असायचं. एक शब्द गाळला की एक छडी. मौलवी साहेब म्हणायचे, जो सुना वही लिखो.

गिरदावर माणूस चांगला. खाटेवर बसून त्यांनी आपुलकीनं विचारलं, “क्यों अम्मा, कैसा है सब?”

मोठीमायनं पदर सारखा केला. घरी आलेल्याला पहिलं उत्तर काय द्यायचं ते ठरलेलंच. “सगळं बराबर हाय, मायबाप. तुमच्या किरपेनं.”

मी लिहिलं. सब बराबर है.

मग तिनं गाय सांगितली, विहीर सांगितली, विहिरीच्या तळाशी बसलेला चुना सांगितला. तेही सगळं लिहिलं. तिचा अंगठा मीच धरून उठवला.

यादी आली तेव्हा तिचं नाव नव्हतं. तहसिलीत गेलो, तर कागदपत्रं सांभाळणाऱ्या पेशकारानं कागद काढून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “खुद कहती है सब बराबर है. फिर?” मी म्हणालो, खालचं वाचा. त्यानं कागद बांधून टाकला.

घरी येऊन सांगितलं. मोठीमाय चुलीपुढं बसून ऐकत राहिली. “काहून लिहिलंस रे ते?”

“तू बोललीस म्हणून.”

“ते काय बोलणं हाय का? रामराम बी लिहिला असशील मंग!” म्हणून हसली, आणि मग हसता हसता पदर डोळ्याला लावला.

दुसऱ्यांच्या विहिरी स्वच्छ झाल्या. आमचीत कुणी उतरेना. मी एकदा उतरलो, गुडघ्यापर्यंत कातडी गेली. वाफे मोडले. मोठीमाय लोकांच्या वावरात निंदायला जाऊ लागली, आणि रोज पाटलाच्या विहिरीवरून घागर आणू लागली. दोन वर्षं. ती घागर ओट्यावर टेकल्याचा आवाज ऐकला की मला जेवण जायचं नाही.

मग राज्य बदललं. त्या हिवाळ्यात तहसिलीत वऱ्हाडातून आलेला नवा कारकून बसला. आम्ही दोघं गेलो. मोठीमाय बाहेर पायरीवर थांबली. कारकुनानं कागद काढला, उलटासुलटा केला.

“हे आपल्याले नाही वाचता येत, बाप्पा. तुले येते?”

“येतं.”

“मंग वाच. मी मराठीत लिहून घेतो.”

माझंच अक्षर होतं. वळणं गिचमिड, नुक्त्यांचे ठिपके इकडंतिकडं. वर ती ओळ. खोलीत ती वाचू शकणारा मी एकटा.

“थांबला काहून?”

मी दुसऱ्या ओळीपासून वाचलं. जन्मात पहिल्यांदा मी जाणूनबुजून शब्द गाळला. तळहात तापले, खरंच सांगतो, छडीची वाट पाहत. कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहून घेतलं. देव त्याचं भलं करो.

मार्गशीर्षात माणसं आली, आठवडाभर उपसत होती. नवं पाणी झिरपलं, चांगलं गुडघाभर साचलं. मोठीमायनं पहिला तांब्या तोंडाला लावला. सगळे बघत होते.

“कसं हाय?” मी विचारलं.

“बराबर हाय.”

माणसं गेल्यावर उरलेलं पाणी तिनं लिंबाच्या बुडाशी ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घागर घेऊन निघाली, पाटलाच्या विहिरीकडं.

“आता काहून?”

“पायाला सवय झाली रे,” म्हणाली, आणि मागं न बघता गेली.

त्याच आठवड्यात मला इथली नोकरी लागली. दर पत्रात मी एकच विचारतो, पाणी कसं आहे, तू पितेस का. उत्तर येतं. पहिल्या ओळीतच असतं.