ऊब, तीनशे पानांत

दीपनगरच्या वीज केंद्रात लीलाधर पाटलांनी पस्तीस वर्षं बॉयलरशेजारी काढली. निवृत्त झाल्यावर पुढची सहा वर्षं त्यांनी खोलीचं दार लावून ‘ऊब’ या एकाच शब्दावर ग्रंथ लिहिला. संस्कृतातल्या ऊष्म्याची ऊब कशी झाली, नुसत्या उष्णतेची ती गोधडीची आणि गोधडीची मायेची कधी झाली, हे त्यांनी तीनशे पानांत सिद्ध केलं. म्हणजे, त्यांच्या मते तरी.

खंडव्याहून आलेल्या सूनबाईने, ललिताने, मुखपृष्ठ पाहिलं आणि विचारलं, “बाबूजी, कंटाळ्यावर एवढं जाड पुस्तक?”

हिंदीत ऊब म्हणजे कंटाळा. लीलाधररावांनी तिला तीन दिवस व्युत्पत्ती समजावली. त्यांच्या पत्नी हेमांगीताई एवढंच म्हणाल्या, “मला तर सहा वर्षं हिंदीतलाच अर्थ माहीत होता.”

जानेवारीत सोनगीरला त्यांचं व्याख्यान ठरलं. सकाळी आठची वेळ. कानटोपी, मफलर आणि दोन स्वेटर घालून वक्ते माइकपुढे उभे राहिले. उघड्या पटांगणात सतरंजीवर बसलेले म्हातारेकोतारे कुडकुडत होते. कार्यक्रम ठरवणारा सुकदेव हळूच त्यांना म्हणाला, “नाना, जवळ शेकोटी पेटवू का?”

“नको. धुराने विषयाचं गांभीर्य जातं.”

मग सुकदेवने ती लांब, झाडामागे पेटवली. नाना वैदिक काळात होते तेव्हा पहिली रांग उठली. ते शब्दकोशांपर्यंत आले तेव्हा सतरंजी रिकामी झाली होती. आणखी दहा मिनिटं ते सतरंजीशी बोलले. मग बोटं इतकी बधिर झाली की पान उलटेना, तेव्हा मुकाट्याने झाडामागे गेले.

शेकोटीत कपाशीच्या पऱ्हाट्या तडतडत होत्या, भोवती सगळे श्रोते बसले होते. तानुबाई नावाच्या म्हातारीने सरकून जागा केली. “ये भाऊ, आठे बस. बठ्ठा आठेच शेतस.”

लीलाधरराव बसले. गुडघे सैल झाले, बरं वाटलं. लगेच त्यांनी वही काढली. “अक्का, अशा वेळी जे वाटतं, त्याला तुमच्याकडे काय शब्द आहे?”

“काय शब्द? बरं वाटस.”

“पण नेमका शब्द?”

“आते चूप बस ना भाऊ. हात शेक.”

ते पाऊण तास चूप बसले. इतका वेळ ते गप्प बसल्याचं घरी कोणालाच खरं वाटलं नाही.

दुसऱ्या आवृत्तीत चौदा पानांचं नवं प्रकरण आहे. त्यात तानुबाईचं नाव नाही. तळटीप मात्र आहे : ‘प्रस्तुत लेखकाने शेकोटीचे प्रत्यक्ष निरीक्षण केले आहे.’