चंद्राला दोन्ही हवं होतं

चिखलीत आम्ही मुली भिंतीच्या कडेकडेने चालायचो. माझी शेजारीण चंद्रा मात्र रस्त्याच्या मधून चालायची. "रस्ता काय पुरुषांच्याच बापाचा हाय काय वं?" म्हणायची, आणि मलाही हाताला धरून मध्ये ओढायची.

बेचाळीसच्या धामधुमीत प्रभातफेऱ्या निघू लागल्या. तिचे वडील मोठे जमीनदार, पण देशाचं काम म्हणून त्यांनी तिला जाऊ दिलं. फेरीत झेंडा नामदेवकडे असायचा. त्याच्या घरचा वांगी-मेथीचा मळा होता. घोषणा तो द्यायचा, आणि मागून तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. परतताना दोघं मुद्दाम मागे राहायची. मी तिला समजावलं, घरी कळलं तर फेरीही बंद होईल, निदान चळवळ संपेपर्यंत थांब. ती शांतपणे म्हणाली, "मले सोराज बी पाहिजे अन् नामदेव बी. एकासाठी दुसरं काऊन सोडू?"

कचेरीवर झेंडा लावताना नामदेव पकडला गेला. तो सुटला की लग्न करायचं, पळून जावं लागलं तरी, असं दोघांचं ठरलेलं होतं. दिवाळीच्या आधीच तो तुरुंगात तापाने गेला.

चंद्राला घरात रडायचीही सोय नव्हती. तो तिचा कोण होता? एका दुपारी ती मला घेऊन त्यांच्या मळ्यात गेली. नामदेवची आई मेथी खुडत होती. तू कोण, कोणाची, असं तिने विचारलं. चंद्राने नुसतं नामदेवचं नाव घेतलं. आईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग हातातली जुडी खाली ठेवली. "बस माय. इथं रड. इथं तुले कोनी इचारनार नाही."

पुढच्या उन्हाळ्यात तिला दुसरबीडला दिली. नवरा भला होता. स्वराज्य आल्यावर मी एकदा तिच्याकडे गेले. तीच आमची शेवटची भेट. त्यानंतर वर्षभरात ती बाळंतपणात गेली. भेटीच्या त्या दिवशी नवरा शेतात होता. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "त्याचा आवाज आठवते मले. तोंड आठवत नाही वं. लई जोर लावते, तरी येत नाही."

नामदेवचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता.

मला आठवत होतं. मी सांगू लागले: जाड भुवया, डाव्या गालावर देवीचे वण, हसताना ओठाचा एक कोपरा आधी वर जायचा. तवा तसाच तापत राहिला. पिठाचे हात मांडीवर ठेवून चंद्रा डोळे मिटून ऐकत होती. मी थांबले की म्हणायची, "अजून सांग."