भावाच्या बोअरपेक्षा खोल

आमच्या बावीतलं पाणी माझ्या सख्ख्या भावाने नेलं. हे मी दोन राज्यांच्या ऑफिसांत, दोन पंचायतींत आणि रस्त्यात भेटेल त्याला सांगितलं आहे. सांगताना मला कधी लाज वाटली नाही. लाज त्याला वाटायला हवी होती.

माझं माहेर दोडामार्ग तालुक्यात आणि सासर गोव्यातल्या इब्रामपुरात. मध्ये एक व्हाळ, लहानसा ओढा. चपला हातात घेतल्या की दहा पावलांत ओलांडता येतो. त्या व्हाळातूनच गोव्याची आणि महाराष्ट्राची हद्द जाते, पण लग्न होऊन आले तेव्हा मला तिचं काहीच वाटलं नव्हतं. आईने हाक मारली तर सासरच्या अंगणात ऐकू येईल एवढंच अंतर.

नवरा डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, तसा ट्रक गेला आणि तो घरी येऊन कुळागरात, आमच्या सुपारीच्या बागेत, राबायला लागला. पोफळी, त्यांच्यावर चढवलेले मिरीचे वेल, पाटाच्या कडेला केळी. सगळं एका चिऱ्यांनी बांधलेल्या विहिरीवर, आमच्या बावीवर. वैशाखातही तिच्यात कमरेएवढं पाणी असायचं. दोन दिवसांआड शिंपण व्हायचं आणि आमचं चाललं होतं.

मग दादाने व्हाळाच्या पलीकडच्या काठावर, बरोब्बर आमच्या बागेसमोर, बोअर मारला. काजूच्या कलमांना पाणी हवं म्हणाला. मी नारळ घेऊन गेले होते. पाणी लागलं तेव्हा त्याच्यापेक्षा जास्त मीच हसत होते.

दुसऱ्या वर्षी त्याने टँकर घेतला. मांद्र्याला किनाऱ्यावर गेस्टहाउसं झाली आहेत, तिथल्या विहिरींना खारं पाणी येतं. त्यांना गोडं पाणी हवं होतं. दादाचा टँकर दिवसातून चार-पाच फेऱ्या करायचा, आणि मांद्र्याचा रस्ता आमच्या दारावरून जातो. मागचा नळ नीट बसत नसे. टँकर गेला की दारासमोर ओली रेघ राहायची. फाल्गुनात मी उंबऱ्यावर उभी राहून ती रेघ सुकताना बघत असे.

त्या वर्षी बाव उतरली. आधी पायरी, मग दोन पायऱ्या. चैत्रात बालदी तळाला आपटली आणि गढूळ पाणी वर आलं. व्हाळाकडच्या रांगेतल्या पोफळींनी झावळ्या खाली टाकल्या. पोफळ मरते तेव्हा आधी शेंडा बारीक होतो, मग एके दिवशी तो वाऱ्याने मोडून पडतो आणि नुसता खांब उभा राहतो. अशी एक अख्खी रांग मी खांबांची होताना बघितली.

मी दादाकडे गेले. तो ओटीवर बसून चहात पाव बुडवत होता.

"दादा, तुझो बोर सुरू झाल्यापासून आमची बाव उतरता."

"पाऊस कमी पडलो, बाय. बोराक कित्याक नाव ठेवतंस?"

"पाऊस तुझ्याकडे नाय कमी पडलो?"

त्याने कप खाली ठेवला. "माझी जमीन, माझो बोर. तुमचा गोवा, तुमचा सरकार. त्यांका सांग."

मी सांगितलं. आमच्याकडचा साहेब म्हणाला, बोअर महाराष्ट्रात आहे, आमचा हात तिथे पोचत नाही. पलीकडचा साहेब म्हणाला, तक्रार करणारी बाई गोव्याची आहे, तिच्या विहिरीचं आम्ही काय करणार. दोघेही चांगले बोलले. एकाने तर पंख्याखालची खुर्ची दिली. मी त्या खुर्चीत बसून ठरवलं की आता तक्रारीचा अर्ज करायचा नाही.

नवऱ्याने एक काम केलं होतं. सुताच्या दोराला हात-हातावर गाठी मारून तो रोज सकाळी बावीतलं पाणी मोजत होता आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवत होता. एकदा पलीकडचा ट्रान्सफॉर्मर जळला आणि दादाच्या बाजूला तीन दिवस वीज नव्हती. आमची बाव त्या तीन दिवसांत अर्धा हात चढली. पाऊस नाही, काही नाही. चौथ्या दिवशी वीज आली आणि बाव परत उतरली.

"खाणीर अशेंच जातालें," नवरा म्हणाला. "खड्ड्यांतलें पाणी पंपान भायर काडलें की शेजारल्या गांवातल्यो बांयो सुकताल्यो. पंप बंद केलो की परत भरताल्यो."

तो हे शांतपणे, समजून घेण्यासारखी एक गोष्ट म्हणून सांगत होता. मी त्यातलं वेगळंच ऐकलं. दादा आमचं पाणी ओढू शकतो, तर मीही त्याचं ओढू शकते.

बोअरची परवानगी मिळायला सात-आठ महिने गेले. अर्जात मी पिण्यासाठी आणि बागेसाठी असं लिहिलं. सूड उगवण्यासाठी असा रकाना त्यात नव्हता. माझ्या दोन बांगड्या गेल्या. मशीनवाला आला तो नेमका दादाचा बोअर मारणाराच होता.

"पलीकडे किती खोल गेला होतास?" मी विचारलं.

त्याने सांगितलं.

"त्याच्यापेक्षा शंभर फूट जास्त जा."

"बाई, त्याच्या आधीच पाणी लागेल."

"लागू दे. तू जा."

जांभ्याची तांबडी भुकटी उडाली, मग काळ्या कातळाची राखाडी. तुळशीवर, कपड्यांवर, नवऱ्याच्या केसांवर ती बसली. पाणी लागलं, आणि चांगलं लागलं. पलीकडून दादा बघत होता. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिले.

पहिले चार दिवस बाग भिजवली. जगलेल्या पोफळींची आळी तुडुंब भरली, केळीत चिखल झाला. पाचव्या दिवशी मी पाइपाचं तोंड उचललं आणि व्हाळात सोडलं.

चैत्रातला कोरडा व्हाळ. त्या तापलेल्या धोंड्यांवरून माझं पाणी वाहत खाली गेलं आणि पुढे वाळूत कुठेतरी मुरलं. कुणाच्या उपयोगाचं नाही. दुपारपर्यंत बगळे आले. मी सकाळी उठून पंप लावायची आणि दिवेलागणीला बंद करायची.

"बाग भिजली," नवरा म्हणाला. "आतां बंद कर."

"नाही."

"गो, पाणी कोणाच्याच तोंडात वचना."

"त्याच्या टँकरात जात नाही ना? बस झालं."

त्याने त्या दिवसापासून दोर घेऊन बावीवर जाणं बंद केलं.

अकराव्या दिवशी टँकर दारावरून गेला नाही. बाराव्या दिवशीही नाही. पंपाने आधी गाळ, मग नुसती हवा ओढली आणि मोटर जळली, असं पोदेराने पाव देता देता सांगितलं. मी त्याला आणखी दोन पाव घालायला सांगितले. मग आत जाऊन शेवयांचा साचा काढला आणि शिरवाळ्या केल्या, नारळाचा रस काढला, त्यात गूळ घातला. आमच्याकडे सणालाच करतात. नवऱ्याने ताटाकडे बघितलं आणि तो हात धुऊन उठला. मी एकटीने खाल्ल्या, आणि मला त्या गोड लागल्या. हे मी लपवणार नाही.

पाच दिवसांनी वहिनी आली. व्हाळ ओलांडून, कमरेवर रिकामी कळशी.

"वन्स, पाणी व्हया."

"दादान धाडल्यान?"

"तेंका ठावक नाय. टँकर बंद पडलो ता बरा झाला. मी सांगत होतंय, आयकले नाय." ती कळशी खाली न ठेवता बोलत होती. "पण वाडीची बाव पण गेली. आमची सोड. खालच्या तीन घरांत पाणी नाय. तुझी मामी त्यातच रवता. तिका चलाक येणा नाय, आणि तिच्या सुनेक आठवो महिनो. ती लांबून कळशे हाडता."

वाडीची ती बाव म्हणजे जिच्यावर मी पाणी ओढायला शिकले ती. मामीनेच शिकवलं होतं, दोर तळहाताला कापू नये म्हणून कसा धरायचा ते. मला हे सुचायला हवं होतं. मला सुचलं होतंही, खरं सांगायचं तर. पहिल्या दिवशीच. मी ते बाजूला सारलं होतं, कारण दादाला पुरेसं दुखलं पाहिजे होतं.

मी व्हाळातलं पाइपाचं तोंड उचलून वहिनीची कळशी भरली. मग जाऊन पंपाचं बटण बंद केलं. संध्याकाळी नवऱ्याने माझ्याशी न बोलता पाइप व्हाळावरून नेऊन वाडीच्या टाकीत सोडला. मला मामीचं वाईट वाटलं, फार वाटलं. पण दादाचा राग एका थेंबानेही कमी झाला नाही. एकाच पोटात दोन्ही राहतात, त्याला काही इलाज नाही.

वहिनीकडे मी निरोप दिला. वाडीला पिण्याचं पाणी मिळेल. पण दादाने देवळात यायचं आणि दोन्ही गावच्या माणसांसमोर सांगायचं, की बहिणीचं पाणी मी नेलं.

तो येणार नाही असं मला वाटत होतं. आला. आमच्या देवळाच्या मंडपात दोन्हीकडची पन्नासेक माणसं बसली होती, दोन्ही पंचायतींचे लोकही होते, पण सरकारी माणूस एकही नव्हता. नवऱ्याने गाठींचा दोर आणि जुनी कॅलेंडरं पुढे ठेवली आणि वीज गेलेल्या तीन दिवसांची गोष्ट सांगितली. लोकांनी ती दोनदा विचारून घेतली. ज्यांच्या बावी उतरल्या होत्या ते दोन्ही बाजूंना होते, हे तेव्हा पहिल्यांदा एकत्र दिसलं.

मग दादा उठला. खांबाकडे बघत म्हणाला, "बहिणीचा पाणी मी नेलंय." मग माझ्याकडे बोट केलं. "आणि हिणा वाडीचा पाणी व्हाळात सोडल्यान. कोणी पियाक नाय. ता पण लिवा."

सगळे माझ्याकडे वळले. मामीची सून पुढेच बसली होती.

"सोडलं," मी म्हणाले.

नियम त्या दिवशी ठरले. बोअरचं पाणी गावाबाहेर विकायचं नाही. माघापासून पाऊस येईपर्यंत दोन्ही काठांवरच्या बोअरनी दिवसाला दोनच तास चालायचं. दर रविवारी दोन्हीकडचा एकेक माणूस जाऊन सगळं पाणी मोजणार. आणि किल्ल्या बदलायच्या. माझ्या पंपाच्या पेटीची किल्ली वहिनीकडे, दादाच्या पेटीची माझ्याकडे. ही अट मी घातली. मोजायलाही मीच जाणार असं सांगितलं. लोकांना वाटलं, किती जबाबदारीने पुढे आली. मला दर रविवारी दादाच्या जागेत जाऊन, त्याच्यासमोर, त्याच्या बोअरमध्ये दोर सोडायचा होता. टोकाला लोखंडी नट बांधलेला तो दोर खाली जाताना दुसरं टोक त्यालाच धरावं लागायचं, कारण पलीकडचा माणूस म्हणून गावाने त्यालाच नेमलं होतं. मी आकडा सांगायची, तो लिहायचा.

कागदावर कुठल्याच राज्याचा शिक्का नाही. तरी ते चाललं. पुढच्या वैशाखात आमच्या बावीत गुडघ्याएवढं पाणी होतं, वाडीच्या बावीतही घागर बुडत होती. गेलेली रांग गेली. त्या जागी नवी रोपं लावली आहेत, ती अजून माझ्या खांद्याएवढीच आहेत. नवरा पुन्हा बोलायला लागला, पण शिरवाळ्या मी त्यानंतर घरात केल्या नाहीत.

गेल्या वर्षी दादाच्या मुलीचं लग्न निघालं, तेही वैशाखात. दादा देवळातल्या बैठकीत उठला आणि माझं नाव न घेता सगळ्यांना म्हणाला, मांडव आहे, चार दिवस पंप जास्त वेळ चालवायला द्या. दोन्हीकडची माणसं तयार होती. गावातलंच लग्न, गावातलीच मुलगी. किल्ली माझ्याकडे होती.

"नाय," मी म्हणाले.

"बाय, तुझी भाची ती," कुणीतरी म्हणालं.

"होय, माझीच भाची. दोन तास."

दादाला दोडामार्गाहून टँकर मागवावा लागला. तो लग्नाच्या दिवशी मांडवाबाहेर उभा होता, आणि त्याचाही नळ गळत होता. मी आत्या म्हणून सगळं केलं. मुलीला हळद लावली, पंक्तीत वाढलं. वाढता वाढता त्या टँकरकडे बघून माझ्या छातीत जे थंड वाटलं ते अजून आठवतं. मी नियम पाळला म्हणून दोन्ही गावांत माझं कौतुक झालं. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. भाचीला मात्र खरं काय ते कळलं असावं. पाया पडताना तिने माझ्याकडे वर बघितलं नाही, आणि सासरी गेल्यापासून तिचा मला फोन नाही.

निघताना वहिनीने माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. पदराच्या घड्या नीट करत ती हळूच म्हणाली, "आयतवारी मोजूक येतलंस मा?"

"येतलंय," मी म्हणाले, आणि व्हाळ ओलांडून घरी आले.